एक सहायक, अनेक यंत्रं: व्हीएस कोडला एआय जोडताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी डेस्कटॉप, ऑफिसात किंवा कॉलेजात लॅपटॉप, प्रवासात टॅब नाहीतर फोन, आणि कोड सगळीकडे तोच. अशा मांडणीत कोपायलट किंवा क्लॉड कोडसारखा, कोड लिहायला मदत करणारा एआय सहायक आला की ठरलेल्या तक्रारी सुरू होतात: इथे चालतो, तिथे चालत नाही, इथे सांगितलेलं तिथे त्याला माहीतच नसतं. खालची उत्तरं व्हीएस कोड हा कोड लिहायचा एडिटर समोर ठेवून लिहिली आहेत, कारण कर्सर आणि विंडसर्फ हे एडिटरही त्याच्याच पायावर उभे आहेत. माझं मत आधीच सांगते: लॉगिन प्रत्येक यंत्रावर वेगळं करावं, सहायकाला द्यायचे नियम रेपोत (प्रोजेक्टच्या गिटमधल्या साठ्यात) ठेवावेत, आणि जमेल तिथे काम एकाच यंत्रावर ठेवून बाकीच्या यंत्रांवरून तिथे जावं.

एका यंत्रावर सहायक जोडला की तो दुसऱ्यावर आपोआप येतो का?

एक्स्टेंशन येतं, लॉगिन येत नाही. व्हीएस कोडचं ‘सेटिंग्ज सिंक’ चालू असेल तर सेटिंग्ज, कीबोर्ड शॉर्टकट, स्निपेट्स, प्रोफाइल्स आणि एक्स्टेंशनांची यादी नव्या यंत्रावर उतरते. सहायकाचं एक्स्टेंशनही त्यात येतं आणि बाजूच्या पट्टीत त्याचं चिन्ह दिसायला लागतं. त्यामुळे सगळं झालं असं वाटतं. पण व्हीएस कोडमधल्या लॉगिनचं टोकन (ओळख पटल्याची डिजिटल खूण) त्या त्या यंत्राच्या तिजोरीत असतं: मॅकवर कीचेन, विंडोजवर ऑपरेटिंग सिस्टिमची स्वतःची सुरक्षित साठवण, लिनक्सवर नोम कीरिंग किंवा केवॉलेट. ते तिथून हलत नाही आणि हलूही नये. म्हणून प्रत्येक नव्या यंत्रावर एकदा साइन इन करावंच लागतं.

आणखी एक. नव्या यंत्रावर फोल्डर पहिल्यांदा उघडलं की ‘या फोल्डरच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का’ असं एडिटर विचारतो. घाईत ‘नाही’ दाबलं गेलं तर फोल्डर मर्यादित मोडमध्ये उघडतं आणि सहायकाचे बरेचसे हातपाय बांधले जातात. वर निळ्या पट्टीत तसं लिहिलेलं असतं, तिथूनच विश्वास देता येतो. कोड स्वतःचा किंवा ओळखीचा असेल तरच द्या. अनोळखी रेपोला ‘नाही’ हेच बरोबर उत्तर आहे.

सेटिंग्ज सिंक चालू करताना कशाकडे लक्ष द्यावं?

डावीकडे खाली दातेरी चाकाचं चिन्ह आहे, त्यात ‘बॅकअप अँड सिंक सेटिंग्ज’ मिळेल. गिटहब किंवा मायक्रोसॉफ्ट, कुठलंही एक खातं चालतं, पण सगळ्या यंत्रांवर तेच हवं. घरी गिटहब आणि ऑफिसात मायक्रोसॉफ्ट निवडलं तर दोन वेगळे साठे तयार होतात आणि ‘सिंक चालू आहे, तरी काही येत नाही’ ही तक्रार सुरू होते. ज्यांचं सिंक बिघडलं आहे त्यांनी आधी हेच तपासावं.

सेटिंग्जच्या फाइलीत एपीआय की (सेवा वापरायला मिळणारी गुप्त किल्ली) कधीही लिहू नका. ती सिंकबरोबर प्रत्येक यंत्रावर जाईल, ऑफिसच्या यंत्रावरसुद्धा. एखाद्या सेटिंगमध्ये फाइलचा पूर्ण पत्ता असेल आणि ते सिंक होत असेल, तर ते सेटिंग सिंकमधून वगळा. सेटिंगच्या शेजारच्या छोट्या मेनूत तशी खूण काढायची सोय आहे. मॅकवरचा पत्ता विंडोजवर निरुपयोगी असतो.

साइन इन करताना ब्राउझर उघडतो, पण एडिटरला काही कळतच नाही. काय करावं?

नेहमीच्या मार्गात ब्राउझर काम आटोपून एडिटरला हाक मारतो. कंपनीच्या लॅपटॉपवर ही हाक अडवलेली असू शकते, आणि दूरच्या सर्व्हरवर तर ब्राउझरच नसतो. तेव्हा कोडचा मार्ग वापरा. गिटहब आठ अक्षरांचा एक कोड दाखवतं, चार अक्षरं, मधे आडवी रेघ, पुन्हा चार. गिटहबच्या लॉगिन-डिव्हाइस पानावर तो टाकायचा. ते पान त्याच यंत्रावर उघडायची गरज नाही. फोनवर उघडलं तरी सर्व्हरवरचं साइन इन पूर्ण होतं. क्लॉड कोड सर्व्हरवर एक लांबलचक लिंक दाखवतो. ती लॅपटॉपच्या ब्राउझरमध्ये उघडून मिळालेला कोड टर्मिनलमध्ये परत चिकटवायचा.

इथे सावध राहा. स्वतः सुरू न केलेल्या साइन इनचा कोड कुणी फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर पाठवला आणि ‘एवढा टाका’ म्हणालं, तर टाकू नका. तो टाकला की त्या माणसाच्या यंत्रावर तुमच्या खात्याचं लॉगिन होतं. ही फसवणूक बँकेच्या ओटीपीसारखीच चालते.

लिनक्सवर दर वेळी पुन्हा साइन इन करावं लागत असेल तर बहुधा कीरिंगच बसवलेली नाही. ती बसवली की टोकन टिकतं.

सबस्क्रिप्शन घ्यावं की एपीआय की?

रोज काम असेल तर सबस्क्रिप्शन. खर्च आधी ठाऊक असतो. एपीआय कीवर टोकनांप्रमाणे (इथे टोकन म्हणजे मजकुराचा छोटा तुकडा) बिल येतं, आणि फाइलींमागून फाइली वाचणारा एजंट, म्हणजे स्वतःहून कामं करणारा सहायक, ते पटापट चढवतो.

वापराची मर्यादा खात्यावर मोजली जाते, यंत्रावर नाही. तीन यंत्रं म्हणजे तिप्पट वापर नव्हे. क्लॉडच्या बाबतीत तर ब्राउझरमधल्या गप्पा आणि टर्मिनलमधलं काम एकाच मर्यादेत धरलं जातं. कोपायलटची मोफत योजना डिसेंबर २०२४ मध्ये आली तेव्हा महिन्याला कोड पूर्ण करून देणाऱ्या २,००० सूचना आणि ५० चॅट संदेश असा तिचा आवाका होता. ही मोजणीही खात्याचीच.

एक जागा लोकांना हमखास चकवते. क्लॉड कोडसाठी सबस्क्रिप्शन घेतलं आहे, पण एखाद्या यंत्रावर जुन्या प्रयोगातून उरलेली, क्लॉड बनवणाऱ्या अँथ्रॉपिकची एपीआय की एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये पडून आहे. अशा वेळी क्लॉड कोड ती की वापरू शकतो आणि बिल तिकडे चढतं. एकाच यंत्रावर वेगळं बिल का येतंय, असा प्रश्न पडला तर आधी शेलच्या सुरुवातीच्या फाइली उघडून बघा.

एसएसएचने सर्व्हरला जोडलं की सहायक गायब होतो. तो तर माझ्याच लॅपटॉपवर आहे ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. रिमोट एसएसएच (दूरच्या यंत्राशी सुरक्षित जोडणी) वापरलं की व्हीएस कोडचे दोन भाग होतात. खिडकी तुमच्या लॅपटॉपवर राहते; फाइली, टर्मिनल आणि डीबगर सर्व्हरवर चालतात, आणि त्यासाठी व्हीएस कोड तिथे स्वतःचा एक छोटा सर्व्हर बसवतो. एक्स्टेंशनंही तशीच विभागली जातात. रंगसंगतीची थीम खिडकीच्या बाजूला चालते, पण जे एक्स्टेंशन फाइली वाचतं आणि आज्ञा चालवतं ते सर्व्हरच्या बाजूलाच हवं.

एक्स्टेंशनांची पट्टी उघडून बघा. तिथे आता दोन याद्या दिसतील, एक ‘लोकल’ आणि एक तुमच्या सर्व्हरच्या नावाची. पहिल्या यादीत काही नावं फिकी पडलेली असतील आणि त्यांच्याशेजारी ‘इन्स्टॉल इन एसएसएच’ असं बटण असेल. सहायकाचं नाव त्यात असेल तर ते बटण दाबा आणि खिडकी पुन्हा लोड करा. सेटिंग्ज सिंक दूरच्या यंत्रावर एक्स्टेंशनं नेत नाही, म्हणून प्रत्येक सर्व्हरवर हे एकदा करावं लागतं.

टर्मिनलमधला क्लॉड कोड तर सर्व्हरवर स्वतंत्रच बसवावा लागतो. त्याचं लॉगिन, त्याच्या सेटिंग्ज आणि त्याचा इतिहास तिथल्या होम फोल्डरमध्ये राहतो. सर्व्हर चौघांत मिळून वापरत असाल तर प्रत्येकाचं यूजर खातं वेगळं हवं. एकाच खात्यात सगळे शिरले तर एकाचं लॉगिन सगळे वापरतात.

स्वस्तातला छोटा सर्व्हर घेतला असेल तर रॅम आधी पाहा. रिमोट एसएसएचला किमान १ जीबी लागते आणि २ जीबीची शिफारस आहे. त्यावर एजंट आणि टेस्टही चालवायच्या असतील तर २ जीबीत जीव गुदमरतो. खिडकी वारंवार तुटत असेल तर नेटवर्कला दोष देण्याआधी मेमरी बघा.

विंडोजवर डब्ल्यूएसएल वापरतो. वेगळं काही करावं लागतं का?

डब्ल्यूएसएल म्हणजे विंडोजच्या आत चालणारं लिनक्स. वरचंच सगळं, फक्त सर्व्हर तुमच्याच लॅपटॉपच्या आत आहे. विंडोजचं होम फोल्डर आणि लिनक्सचं होम फोल्डर वेगवेगळी आहेत, त्यामुळे लॉगिनही वेगळं. कोड लिनक्सच्या बाजूलाच ठेवा. सी ड्राइव्हवरचा प्रोजेक्ट डब्ल्यूएसएलमधून उघडला तर फाइली वाचायला वेळ लागतो, आणि शेकडो फाइली चाळणाऱ्या एजंटच्या कामात तो फरक ठळकपणे जाणवतो.

घरचा डेस्कटॉप बाहेरून वापरायचा आहे, पण राउटरवर पोर्ट उघडूनही उपयोग होत नाही. का?

कारण तुमच्या घराला स्वतःचा सार्वजनिक आयपी पत्ताच नसावा. मोबाइल नेटवर्कवर आणि बऱ्याच घरगुती ब्रॉडबँडवर अनेक ग्राहकांना मिळून एकच पत्ता दिलेला असतो. बाहेरून येणाऱ्या जोडणीला तुमचं दार सापडत नाही. मग आतूनच बाहेर जोडणी करणारा मार्ग घ्यायचा.

व्हीएस कोडमध्ये तो तयार आहे. डेस्कटॉपच्या टर्मिनलमध्ये ‘कोड टनेल’ अशी दोन शब्दांची आज्ञा द्या, गिटहब किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याने ओळख पटवा आणि यंत्राला नाव द्या. मग जगाच्या कुठल्याही लॅपटॉपवरून, किंवा व्हीएसकोड डॉट डेव्ह हे पान ब्राउझरमध्ये उघडून, त्या नावाने आत जाता येतं. फाइली आणि टर्मिनल घरच्याच यंत्रावर असतात, म्हणून सहायक, त्याचं लॉगिन, डेटाबेस सगळं जागच्या जागी मिळतं. अनेक यंत्रांचा गुंता सोडवायला मला हीच रीत सर्वांत जास्त पटते.

डेस्कटॉप झोपला तर मात्र दार बंद. स्लीप बंद ठेवा. टनेलच्या आज्ञेला झोप रोखण्याचा पर्यायही जोडता येतो. टनेल सर्व्हिस म्हणून बसवलं तर वीज जाऊन आल्यावर ते पुन्हा उभं राहू शकतं, फक्त वीज येताच यंत्र आपोआप सुरू होईल असं बायॉसमध्ये ठरवून ठेवा. आणि ज्या गिटहब खात्याने हे दार उघडतं त्याला दोन टप्प्यांची ओळख लावलेलीच हवी. ते खातं म्हणजे आता तुमच्या घराची किल्ली आहे.

प्रवासात नेटवर्क तुटलं की एजंटचं चालू काम मरतं. उपाय आहे का?

आहे, आणि जुना आहे: टीमक्स, जोडणी तुटली तरी टर्मिनल चालू ठेवणारा प्रोग्राम. सर्व्हरवर टीमक्सचं सत्र उघडा, त्यात एजंट सुरू करा. लॅपटॉप मिटला, कर्जत-लोणावळ्याच्या घाटात बोगद्यामागून बोगदे आले, तरी काम तिकडे चालूच राहतं. परत जोडून त्याच सत्रात शिरायचं. नेटवर्क सतत बदलत असेल तर एसएसएचऐवजी मॉश वापरून बघा. वायफायवरून मोबाइल डेटावर गेलं तरी त्याची जोडणी टिकते. त्याला ६०००० ते ६१००० या पट्ट्यातले यूडीपी पोर्ट लागतात, ते सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये उघडे हवेत.

पण असं सोडून जाताना एजंटला सरसकट परवानग्या देऊ नका. फाइली वाचणं आणि टेस्ट चालवणं खुशाल मोकळं ठेवा. काही पुसणं, पुश करणं आणि डेटाबेसला हात लावणं मात्र विचारूनच.

फोनवरून किंवा टॅबवरून काम होतं का?

कोड लिहिणं त्रासाचं होतं. काम सोपवणं आणि तपासणं छान होतं. कोपायलटचा कोडिंग एजंट मे २०२५ पासून गिटहबवरच काम घेतो: इश्यू त्याच्या नावावर करा, तो पुल रिक्वेस्ट उघडतो, आणि फोनवरच्या गिटहब ॲपमधून ती वाचता येते. क्लॉड कोडही रेपो जोडून ब्राउझरमधून चालवता येतो. टॅबला कीबोर्ड असेल तर टनेल किंवा गिटहब कोडस्पेसेस (गिटहबकडचं, ब्राउझरमधून वापरायचं यंत्र) वापरा. कोडस्पेसेसमध्ये वैयक्तिक खात्याला महिन्याला १२० कोअर-तास मोफत मिळतात. सर्वांत छोटं यंत्र दोन कोअरचं, म्हणजे प्रत्यक्ष साठ तास. काम झालं की स्वतः बंद करा, नाहीतर अर्धा तास निष्क्रिय राहिल्यावरच ते थांबतं.

घरी सहायकाला सगळं समजावलं, ऑफिसात तो कोरा. आठवण कशी नेऊ?

गप्पा यंत्रावरच साठतात. व्हीएस कोडमधला चॅटचा इतिहास त्या यंत्रावरच्या त्या फोल्डरशी बांधलेला असतो, क्लॉड कोडचा त्याच्या होम फोल्डरमधल्या फाइलींत. त्या उचलून दुसरीकडे टाकायच्या खटपटी लोक करतात. मी कुणालाही तसं सुचवणार नाही. गप्पांत चुकलेले रस्तेही असतात आणि मागे घेतलेल्या सूचनाही. न्यायचं असेल तर ठरलेलं न्या, आणि ते रेपोत लिहा.

यासाठी ठरलेल्या जागा आहेत. कोपायलट रेपोतल्या ‘डॉट गिटहब’ फोल्डरमधली ‘कोपायलट-इन्स्ट्रक्शन्स डॉट एमडी’ वाचतो, क्लॉड कोड प्रोजेक्टच्या मुळाशी असलेली ‘क्लॉड डॉट एमडी’, आणि ‘एजंट्स डॉट एमडी’ हे नाव आता बऱ्याच सहायकांना कळतं. एकापेक्षा जास्त सहायक असतील तर मजकूर एजंट्स फाइलीत ठेवा आणि क्लॉडच्या फाइलीत तिचा नुसता उल्लेख करा. ॲट-चिन्ह लावून फाइलीचं नाव दिलं की तो ती वाचतो.

आत काय लिहावं? ‘स्वच्छ कोड लिही’ असली वाक्यं वाया जातात. गावच्या पतसंस्थेच्या ॲपसाठीची फाइल साधारण अशी असावी:

रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवायची. दशांश वापरायचा नाही.
सभासदाचं नाव देवनागरी आणि रोमन अशा दोन रकान्यांत आहे. शोध दोन्हींवर चालला पाहिजे.
आर्थिक वर्ष १ एप्रिलपासून; व्याजाची गणितं त्यावरच.
जुन्या मायग्रेशन फाइलींना हात लावायचा नाही, नवी बनवायची.
काम संपलं म्हणण्याआधी टेस्ट चालवायच्या.

एवढ्या पाच ओळी कमिट झाल्या की त्या प्रत्येक यंत्रावर आणि प्रत्येक सहकाऱ्याकडे पोचतात. सहायकाला तीच गोष्ट पुन्हा सांगावी लागली की ती या फाइलीत गेली पाहिजे. अर्धवट कामासाठी जाता जाता त्यालाच सांगा, ‘काय झालं, काय राहिलं, ते एका फाइलीत लिही’, आणि ती फाइल शाखेवर कमिट करा. संध्याकाळी घरच्या यंत्रावर तिच्यापासून सुरुवात करता येते.

प्रोजेक्टचं फोल्डरच गूगल ड्राइव्हमध्ये ठेवलं तर?

नको. गिटच्या आतल्या फोल्डरमध्ये बारीक बारीक फाइली सतत बदलतात. ड्राइव्ह त्या अर्धवट उचलतं, दोन यंत्रांवर वेगळ्या क्रमाने टाकतं आणि रेपो बिघडतो. शिवाय मॅकवर बसवलेली पॅकेजेस विंडोजवर चालत नाहीत. कोड न्यायला पुश आणि पुल हाच रस्ता. एकाच वेळी दोन यंत्रांवर एजंट चालवणार असाल तर दोघांना वेगळ्या शाखा द्या.

एमसीपी सर्व्हरही प्रत्येक यंत्रावर पुन्हा जोडायचे का?

एमसीपी, म्हणजे सहायकाला बाहेरची साधनं जोडायचा, अँथ्रॉपिकने नोव्हेंबर २०२४ मध्ये खुला केलेला नियमसंच. त्याची जोडणी प्रोजेक्टमधल्या फाइलीत ठेवता येते: व्हीएस कोडसाठी ‘डॉट व्हीएसकोड’ फोल्डरमध्ये, क्लॉड कोडसाठी प्रोजेक्टच्या मुळाशी. ती कमिट करा, पण आतल्या किल्ल्या नको. किल्लीच्या जागी एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलचं नाव लिहा. अनोळखी एमसीपी सर्व्हर जोडणं म्हणजे अनोळखी प्रोग्राम आपल्या यंत्रावर चालवणं, हे लक्षात असू द्या.

डेस्कटॉपवर ओलामा चालतो. लॅपटॉपच्या एडिटरमधून तो वापरता येईल?

येतो. ओलामा, म्हणजे एआय मॉडेल स्वतःच्या यंत्रावर चालवणारा प्रोग्राम, ११४३४ या पोर्टवर ऐकतो, पण सुरुवातीला फक्त स्वतःच्या यंत्राचं. ‘ओलामा होस्ट’ हे व्हेरिएबल बदललं की तो नेटवर्कवरून येणाऱ्यांचंही ऐकतो. मग लॅपटॉपवर कंटिन्यूसारखं एक्स्टेंशन बसवून त्यात डेस्कटॉपचा पत्ता द्या. ओलामाला मुळात पासवर्ड नसतो. म्हणून हा पोर्ट इंटरनेटवर उघडा टाकू नका. घराबाहेरून हवा असेल तर टेलस्केलसारखं खासगी नेटवर्क लावा, त्यात तुमचीच यंत्रं एकमेकांना दिसतात.

अपेक्षा बेताची ठेवा. क्वेन २.५ कोडरचं ७ अब्ज पॅरामीटरचं मॉडेल ४.७ जीबीचं आहे आणि त्या आकाराला किमान ८ जीबी रॅम हवी. ओळ पूर्ण करून द्यायला ते चांगलं आहे. दहा फाइलींत बदल करणाऱ्या एजंटचं काम त्याच्याकडून होत नाही. पण कोड घराबाहेर जाऊच द्यायचा नसेल तर हाच मार्ग आहे, आणि तो मनापासून शिकण्यासारखा आहे.

सहायकाला मराठीत सूचना दिल्या तर चालतात का?

उत्तम चालतात, आणि ज्याला मराठीत विचार करायची सवय आहे त्याने जरूर द्याव्यात. देवनागरी मजकुराला इंग्रजीपेक्षा जास्त टोकन लागतात, म्हणून कायमची नियमांची फाइल आटोपशीर ठेवा. टर्मिनलमध्ये जोडाक्षरं तुटलेली दिसली तरी सहायकाला ती नीटच पोचतात. एडिटरच्या चॅटमध्ये ती नीट दिसतातही.

ऑफिसचा कोड घरच्या खात्यातून उघडला तर?

आधी विचारा. कंपनीच्या योजनेच्या अटी आणि वैयक्तिक खात्याच्या अटी वेगळ्या असतात, विशेषतः तुमचा मजकूर मॉडेल शिकवायला वापरायचा की नाही याबाबत. दोन प्रोफाइल्स करून दोन खाती वेगळी ठेवणं सोपं आहे.

लॅपटॉप हरवला किंवा विकायचा आहे. काय काय तोडायचं?

दुसऱ्या यंत्रावरून लगेच सुरुवात करा. गिटहबच्या सेटिंग्जमध्ये जाऊन त्या यंत्राची चालू सत्रं आणि एसएसएच किल्ल्या काढा, आणि तिथल्या ॲप्सना दिलेली परवानगी रद्द करा. क्लॉडच्या खात्यातून सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा. त्या यंत्रावर टनेल असेल तर त्याची नोंद रद्द करा. रिमोट एक्स्प्लोररच्या यादीत ती दिसते. टेलस्केल असेल तर तिथूनही यंत्र काढा.

मग एपीआय किल्ल्या. त्या यंत्रावरच्या ‘डॉट ईएनव्ही’ फाइलींत कुठल्या कुठल्या होत्या ते आठवून प्रत्येक की त्या त्या सेवेच्या पानावर जाऊन रद्द करा आणि नवी घ्या. चुकून रेपोत पुश झालेल्या कीलाही हेच लागू: नुसती कमिट पुसून भागत नाही, की रद्दच करावी लागते. आणि खात्याचा पासवर्ड बदलला म्हणजे काम झालं असं समजू नका, कारण पासवर्ड बदलल्याने एपीआय की बंद होत नाही.